चोळू नका, काकी

नम्रता, तू या पेशंट सांभाळायच्या कामात नवी म्हणून सांगते. हसलीस तरी मी रागावणार नाही. चहा घे आधी.

दाभोळला आप्पांकडे मी होते तेव्हाची गोष्ट. आप्पा बोटीवरचे, जग फिरून आलेले. पण झाडावरून पडून मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. बायको, यमुनाकाकी, होती तोवर तिनंच केलं त्यांचं. ती वारली नि मला बोलावलं. मुलगा मुंबईला, सून सानिका दिवसभर शाळेत शिकवायला. घरात आम्ही दोघंच.

पडून पडून माकडहाडावर ही एवढी जखम! डॉक्टर म्हणाले, "आणखी खोल गेली तर रत्नागिरीला नेऊन ऑपरेशन."

आप्पांनी माझा हात धरला. "जने, मला या घरातनं हलवू देऊ नको हां. गेलो तर परत यायचा नाही मी."

मग मी जीव ओतला गो. वेळच्या वेळी कूस बदलायची, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. जखम भरायला लागली. आणि एक दिवस बघते तर कडेची कातडी लालजांभळी, सोललेली, वर तेलाचा चकाका!

"सानिका, तू तेल चोळतेस काय?"

"मावशी, मला तर ती जखम बघवतसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि माझ्याकडेच संशयानं बघायला लागली. मला झोंबलं ते.

श्रावणातली दुपार होती. आभाळ असं भरून आलं की घरात दिवा लावावा लागला, आणि तेवढ्यात वीजच गेली. आप्पांच्या हवेच्या गादीचा पंप बंद पडला. त्याची घरघर थांबली आणि घर एकदम मुकं झालं. मी चुलीवरची पेज ढवळत होते. आतून आवाज आला. सप्... सप्... अंगावर तळहात फिरावा तसा. मागोमाग कोमट खोबरेलाचा वास.

मी दारात गेले. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले. चादर कमरेखाली नीट दुमडलेली. आणि नम्रता, माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या माकडहाडाजवळची कातडी दबत होती, परत वर येत होती. पंजाच्या आकारात.

"आप्पा... कोण आहे तिथं?"

"यमुना असेल," ते शांतपणे म्हणाले. "मला तिथलं काय कळत नाही... पण वास आला की ओळखतो. रोज चोळायची. रक्त खेळतं म्हणायची."

भ्याले मी. पण भीतीपेक्षा मला संताप आला. माझी सगळी मेहनत मातीत घालत होती ही बाई!

"काकी, चोळू नका हो!" मी ओरडले. "लाल झालेल्या जागी चोळलं की आतलं मांस फाटतं. माया आहे ना तुमची? मग वळवा त्यांना. हे असं... खांदा नि कंबर एकदम. ओढायचं नाही, उचलायचं."

मी करून दाखवलं. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालून आले, तर आप्पा दुसऱ्या कुशीवर. उशी जागच्या जागी. मग रोजचंच झालं ते. सवय झाली गो मला! मीच म्हणायचे, "छान वळवलंत हां काकी, फक्त टाचा बघा." दिवाळीपर्यंत जखम मिटली. सानिकानं मला साडी नेसवली. आप्पा पडवीत खुर्चीवर बसून खाडी बघायला लागले. इतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या घरात मिळालं नाही.

निघताना उंबऱ्यात मी हात जोडले. म्हटलं, काकी, आता सुखानं जा.

आता मी राजापूरला माझ्या घरी असते, एकटी. परवा दुपारी जरा लवंडले, उताणी. जाग आली तेव्हा डाव्या कुशीवर होते. गुडघ्यांत उशी, टाचांखाली गोधडीची घडी. दाराला आतून कडी.

मी धडधाकट बाई, विहिरीचं पाणी भरते. हातपाय हलवून बघितले, सगळे हलले.

"काकी," मी हळूच म्हटलं, "मला कशाला...?"

एक हात माझ्या पाठीवरून खाली सरकला आणि माकडहाडाशी थांबला. कुठं गरम लागतंय का बघतो ना आपण पेशंटचं, तसा.