चौथ्या पेपरचा फ्लेक्स

कराडच्या अभ्यासिकेतली लाइट गेली आणि शिवांजली तणतणत जिना उतरली. खाली खताच्या दुकानात अभ्यासिकेच्या मालकांचा मुलगा, वीरधवल, बसला होता.

"इन्व्हर्टर लावा की. माझं गणित अर्ध्यावर राहिलंय."

"कसलं गणित? पोलीस भरतीचं?"

"अ‍ॅक्च्युअरीचं. माणसं साधारण किती जगतील, त्यावरनं विम्याचा हप्ता ठरवायचा."

"मग मी किती जगंन?"

"एकट्याचं सांगता येत न्हाई. लाखभर माणसं आणा."

"लाखभर कुठनं आणू... मी एकटाच चालंन का?"

ती हसली नाही. पण जिना चढताना तिने एकदा वळून पाहिलंच. पुढे लाइट असली तरी तिला इन्व्हर्टरची आठवण होऊ लागली.

अ‍ॅक्च्युअरी व्हायला तेरा पेपर होते. एकेक सुटा द्यायचा, आणि भल्याभल्यांचा घाम काढणारा. चौथा सुटला त्या संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. तिने ते सगळ्यात आधी वीरधवलला सांगितलं. तो इतका हरखला की त्या भरात माती खाऊन बसला. अभ्यासिकेतलं कुणी फौजदार झालं की गावात फ्लेक्स लागतो. याने तिच्या कडेगावच्या चौकात लावला – 'अ‍ॅक्च्युअरीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

गावाने पेढे मागितले. तिच्या वडिलांची, आबांची, छाती फुगली. "पोरगी लागली. आता पेपरबिपर बास," म्हणत त्यांनी इस्लामपूरच्या पाहुण्यांना रविवारी तिला बघायला बोलावलं. खरं सांगावं तर आबांचं गावात हसं होणार, न सांगावं तर उरलेले नऊ पेपर बुडाले. शिवांजलीला रडू आवरेना.

"तुमच्या कौतुकानं माझा अभ्यास बुडाला," तिने वीरधवलला फोनवर एवढंच सांगितलं.

पावसातनं गाडी हाणत तासाभरात तो कडेगावला तिच्या दारात हजर. अंगावर चिखल, चेहरा पडलेला.

"आबा, फ्लेक्स मी लावला. चुकलं माझं. चारच पेपर सुटल्यात, नऊ राहिल्यात. लय अवघड असत्यात, पण ही करणार. हिला थांबवू नका."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नऊ पेपर म्हंजे पाच-सहा वर्सं. तवर कोण पाव्हणा थांबणार, गड्या?"

"मी..." वीरधवलची मान खाली गेली. "मी थांबतो की."

शिवांजलीचा ऊर भरून आला. हा माणूस आपल्याला किती आवडतो, ते तिला तेव्हा कळलं. आजवर आबांपुढे ती कधी तोंड उघडून बोलली नव्हती.

"पण थांबायचं कशाला, आबा? लगीन झाल्यावर पेपर देता येत न्हाईत व्हय?"

आबांनी खिशातून फोन काढून इस्लामपूरला लावला.

"पाव्हणं, रविवारी नका येऊ. पोरीचा अभ्यास चाललाय. आन् पाव्हणा बी घावलाय."