सासूबाईंची शिकार

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या होत्या, तीन कुत्री, झाकलेल्या पिंजऱ्यात एक पोपट आणि मांजरांच्या दोन टोपल्या. त्यातली एक रिकामी होती.

रिकामी टोपली मांडीवर घेऊन एक तरुण समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. दुसरी टोपली जिच्या मांडीवर होती, तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच आलं. चष्म्याच्या काचा तपासणं हे तिचं काम, त्यामुळे मोजण्यात न बसणारी गोष्ट दिसली की तिला चैन पडत नसे. शेवटी राहवेना.

"तुमचं मांजर... पळालं का?"

"नाही. गेलं." तो हळूच म्हणाला. "मागच्या आठवड्यात. म्हातारा बोका होता. टोपली, खेळणी कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून आलोय."

"मग आत ठेवून जायचं की. नंबर कशाला लावलात?"

"इतकी वर्षं लावला ना... पाय आपोआप रांगेत उभे राहिले."

तिला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. खिडकीबाहेरचा उजेड न धुतलेल्या फडक्यासारखा मळकट होता. तेवढ्यात मदतनीस बाईंनी दारातून हाक दिली, "सासूबाईऽऽ! चला, सासूबाईंना आत आणा!"

सगळी खोली तिच्याकडे वळली. कुत्रीसुद्धा. टोपली उचलताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सासूबाई?" त्यानं विचारलं. आता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं.

"मांजराचं नाव आहे. माझ्या ताईनं ठेवलेलं. ती म्हणायची, लग्न करून दुसऱ्याच्या आईचा सासुरवास सोसण्यापेक्षा आपली सासू आपणच आणावी."

"म्हणजे तुमचं लग्न..."

"नाही झालेलं. सासू मात्र पदरात पडली."

"आणि ताई?"

"तीही... गेली. हिवाळ्यात."

कुणी बसू नये म्हणून त्यानं आपली रिकामी टोपली तिच्या खुर्चीवर ठेवली.

"या जाऊन," तो म्हणाला. "मी थांबतो."

आत डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना उताणं केलं. पोट सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"कातडीचा आजार नाही. हिनं चाटून चाटून केस काढलेत. दिवसभर करते काय घरात?"

"ताईच्या खोलीच्या दारापाशी बसते."

"आणखी?"

"आणखी... बसते."

"शिकारी जनावर आहे हो हे. बसायची नोकरी त्याला सोसत नाही. हिला चढायला, शोधायला, पकडायला काहीतरी द्या. महिन्याभरात पोटावर केस दिसले नाहीत, तर अंगण असलेलं घर बघा हिच्यासाठी."

घर बाबांनी आधीच बघून ठेवलं होतं. आत्याचं. मागे बाग, बागेला कुंपण. "तिला तिकडे पोचव," ते रोज म्हणत. "त्या दारात बसलेली बघवत नाही मला." पण ताईची उघडपणे वाट बघणारं घरात ते मांजर एकटंच होतं. बाबा आणि ती चोरून बघायचे. मांजर गेलं की ताईचं जाणं पक्कं होईल, असं तिला वाटे. हे शास्त्राला धरून नव्हतं, तिला ठाऊक होतं. तरी वाटे.

रविवारी तो तिनं दिलेल्या पत्त्यावर बोक्याची खेळणी घेऊन आला. मग पुढच्या रविवारीही आला. समुद्राचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत तो कामाला होता. "पाणी किती खोल, एवढंच आम्ही विचारतो," असं सांगायचा.

"आणि माणूस किती खोल?"

"त्याला आमची दोरी पुरत नाही."

दोघांनी मिळून पुठ्ठ्याच्या नळ्यांना भोकं पाडून आत खाऊ भरला. खिडकीशी स्टूल लावलं, म्हणजे समोरच्या छताच्या पन्हळीवरची कबुतरं दिसतील. कपाटाच्या माथ्यापर्यंत चढती फळ्यांची रांग त्यानं भिंतीत ठोकायला घेतली. सासूबाईंनी सगळ्याचा वास घेतला आणि पुन्हा दारापाशी जाऊन बसल्या.

"सासूबाईंना सून पसंत नाही वाटतं," ती म्हणाली.

"सुनेत काय खोट आहे? जावईच पसंत नसेल—"

बोलून गेला. ती वाट बघत राहिली. त्यानं हातातल्या स्क्रूकडे असं पाहिलं, जणू तो त्यानंच घडवला होता.

"म्हणजे... हा जरा आखूड पडतोय."

असं तो नेहमी करायचा. वाक्य दारापर्यंत आणायचा आणि उंबऱ्यावर सोडून द्यायचा.

मग तिला आपल्या परीनं तोड सुचली. काचेचा मध्य जुळवायला कामावर लाल किरणाची एक छोटी बॅटरी असते, ती तिनं घरी आणली. भिंतीवर लाल ठिपका पडला आणि सासूबाई उडाल्या! सोफ्यावरून फळीवर, फळीवरून कपाटावर. ताईच्या दारावरून धावत गेल्या, वळून पाहिलंसुद्धा नाही. कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसली. स्वयंपाकघरातून बाबांनी डोकावून पाहिलं.

पण दोन-चार दिवसांत सासूबाई नुसत्या भिंतीकडे टक लावून बसू लागल्या. बाबांच्या घड्याळाचा कवडसा छतावर हलला की तोंडचा घास टाकून धावायच्या. चाटणं वाढलं. पोट लाल झालं.

"माझीच चूक," रविवारी ती त्याला म्हणाली. "उजेडाचं मला सगळं कळतं आणि साधी गोष्ट कळली नाही. एवढं धावून तिच्या पंजात काय आलं? काहीच नाही. पकडल्याशिवाय शिकार संपत नाही तिची. डोक्यात चालूच राहते."

तिनं बॅटरी पिशवीत टाकली, काढूनच टाकली घरातून. एका दोरीला पीस बांधलं. त्यानं दोरी उशीमागून सरपटत आणली... थांबवली... टोक जरासं थरथरवलं. सासूबाईंचा मागचा भाग डावी-उजवीकडे डुलला. झेप! पीस पंजात. त्यानं दोरी ओढली नाही. सैल सोडली. सासूबाई घशातल्या घशात गुरगुरल्या, पीस कपाटाखाली नेऊन टाकलं, वाटीतलं सगळं खाल्लं आणि त्याच्या चपलेवर डोकं ठेवून झोपल्या.

"इतकं सोपं?" तो कुजबुजला.

"सोपं असतं तर तुम्हाला नसतं जमलं?"

"मला काय?"

"आल्यापासून तुम्हीही ठिपकाच नाचवताय. जावई म्हणे! मी जरा पुढे झाले की स्क्रू आखूड पडतो. अहो, माझ्या पंजात काही लागू द्याल की नाही?"

त्यानं दोरी बाजूला ठेवली.

"सांगितलं तर... निम्मंच देता येईल."

"निम्मं द्या."

"गुरुवारी मी सर्वेक्षणाच्या जहाजावर जातोय. दीड वर्ष. दवाखान्यात भेटलो, त्याच्या आधीच सही केली होती. बोका गेला होता, घरात थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं."

"आणि राहिलेलं निम्मं?"

"तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग स्वतःच दचकला. "तू मला आवडतेस. फार. पण हे सांगायचं आणि निघून जायचं... बरं दिसत नाही ना ते."

"न सांगता गेला असतास, तर मी भिंतच बघत बसले असते."

त्यानं हात पुढे केला की तिनं, ते दोघांनाही कळलं नाही. तिनं तो घट्ट धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

"थांब म्हणणार नाहीस?"

"नाही. आणि मी थांबेन, असंही म्हणणार नाही. वाट बघण्यानं काय होतं, ते या घरात रोज बघतेय मी." मग डोळे पुसत म्हणाली, "आलास की बेल वाजव. घरी असले तर उघडेन."

गुरुवारी तो गेला.

त्यानंतर संध्याकाळी दोरी ती धरायची. एकदा कामावरून यायला उशीर झाला, तर बाबाच जमिनीवर बसलेले दिसले. गुडघा धरून, उशीमागून पीस ओढत. "या सासूबाई, या... अशा लाजता काय?" तिला पाहून ते ओशाळले, पण दोरी सोडली नाही. आत्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

महिना भरला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना उताणं केलं, दिवा जवळ ओढला आणि मोजपट्टी मागितली. पोटावरच्या नव्या केसांची लांबी चार मिलिमीटर भरली.