सरकलेलं केंद्र

१९८८च्या जानेवारीत मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये संगणक आला. त्यावर मी पहिलं ड्रॉइंग केलं ते मासेमारी लाँचच्या बुशचं, म्हणजे धातूच्या जाड कड्याचं. लाँचला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा याच बुशमधून फिरतो. बाहेरचं वर्तुळ, आतलं वर्तुळ, दोन्हींचं केंद्र एकच. केंद्रांत फार तर दोन शतांश मिलिमीटरचा फरक चालेल, असं मी ड्रॉइंगवर लिहिलं. त्याहून जास्त झाला की दांडा थरथरतो आणि एक दिवस तुटतो.

भागोजी टर्नरने लेथवर दोन बुश कापले. मी मोजले, दोन्ही चोख. त्याचा धाकटा भाऊ शिवा ज्या लाँचवर खलाशी होता, तिला एक बसवला. दुसरा कपाटात ठेवला.

बुधवारी तो सहज पुन्हा मोजला. फरक नऊ शतांश.

"सायब, मी हात पन नाय लावला," भागोजी म्हणाला.

संगणकावर बघितलं. ड्रॉइंगमधलं आतलं वर्तुळही तेवढंच सरकलं होतं. मी ते दुरुस्त केलं, बुश कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली घरी नेली.

गुरुवारी सकाळी फरक चाळीस शतांश. बुशमध्येही, ड्रॉइंगमध्येही.

भागोजीने मापाच्या डायलवरचा काटा स्वतः बघितला. मग म्हणाला, "ह्याचा जोडीदार शिवाच्या लाँचीत हाय."

माझ्या स्कूटरवरून आम्ही मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. लाँच मंगळवारीच सुटली होती. नुकत्याच परतलेल्या दुसऱ्या एका लाँचच्या तांडेलाला भागोजीने विचारलं.

"दिसली ना काल," तो जाळं आवरत म्हणाला. "एकाच जागी गोल गोल फिरत होती. हाका मारल्या. वर कोणीच नव्हतं."

"मग?"

"जवळ गेलो तर पाणी नुसतं."

चार दिवस शोध झाला. फळकूटसुद्धा मिळालं नाही.

सोमवारी मी कपाट उघडलं. बुशचं भोक सरकत सरकत कड फोडून बाहेर गेलं होतं. धातूचा कीस कुठेच नव्हता.

संगणक मी लावलाच नाही.

दुपारी भागोजी कामावर आला. लेथपाशी नुसता उभा राहिला.

"घरी जा रे," मी म्हणालो. "आईजवळ बस."

"आये मला वळखत नाय, सायब," तो म्हणाला आणि त्याने मान वर केली.

त्याच्या दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या बुबुळांच्या मधोमध नव्हत्या.