लाल पाण्याचं कुंड

नीरवचं ड्रोन थेट अस्मीच्या खड्ड्यात येऊन पडलं.

रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी उत्खनन चालू होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात गुडघ्यांवर बसून अस्मी एका जुन्या कुंडाच्या गिलाव्यावरची माती ब्रशनं झाडत होती. डोक्यावर काहीतरी घोंगावलं, गालाला वाऱ्याचा झोत लागला आणि ते यंत्र तिच्या हातापासून वीतभर अंतरावर आदळलं. गिलाव्याला तडा गेला. एक टवका उडून बाजूला पडला.

काही शतकं टिकलेला गिलावा... आणि तो असा, तिच्या डोळ्यांदेखत.

"आयला... मेलो," वरून कुणीतरी म्हणालं.

तिनं मान वर केली. खड्ड्याच्या काठावर एक उंच मुलगा उभा होता. गळ्यात रिमोट, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"मराठी?" तिनं विचारलं.

"हो... तुम्ही पण?"

"शिव्या मराठीत घालू की इंग्लिशमध्ये, ते ठरवतेय."

"दोन्हीत घाला. अबू धाबीत वाढलोय, दोन्ही कळतात." मग खालच्या आवाजात, "सॉरी. खरंच सॉरी. जागेचा नकाशा करायला आलो होतो, आणि जागाच फोडली."

तिला हसू येत होतं. तिनं ते दाबलं आणि परत ब्रश हातात घेतला.

मोहिमेचा प्रमुख फहद तापला, मग निवळला. "खलास, झालं ते झालं. आता तूच रोज येऊन हिला मदत कर," त्यानं नीरवला सुनावलं. नीरवला तेच हवं होतं. सकाळी तो ड्रोन उडवायचा आणि दुपारी दोन कप करक चहा घेऊन खड्ड्याच्या काठावर यायचा. तिच्या कपात साखर कमी लागते, हे त्यानं न विचारताच ओळखलं होतं.

"तुमच्या... तुझ्या कपाळावर माती लागलीय," एकदा तो म्हणाला.

"पुसून दाखव म्हणजे कळेल कुठे ते."

त्यानं हात पुढे केला – आणि मध्येच थांबवला. कान लाल झाले होते. अस्मीला ते थांबणंच आवडलं.

इथे पूर्वी खजुराचा पाक गाळत असणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. तसा बोर्डही छापायला गेला होता. मग एका दुपारी डोंगरावर अचानक ढग चढले. या देशात पाऊस आला की माणसं आधी व्हिडिओसाठी फोन काढतात. नीरव मात्र ताडपत्री घेऊन धावला. दोघांनी दोन टोकं धरली. वाऱ्यानं ताडपत्री फुगली, तशी अस्मी घसरली आणि त्यानं तिचं मनगट पकडलं. पाऊस थांबल्यावरही त्यानं ते लगेच सोडलं नाही. तिनंही सोडवून घेतलं नाही.

ताडपत्री बाजूला केली तर तडा गेलेल्या कुंडात पाणी साचलं होतं. तांबूस, गडद.

"सुलेमानी चहा," नीरव म्हणाला. "पुदिना तेवढा राहिला."

अस्मी हसली नाही. ती त्या पाण्याकडे बघतच राहिली. तडा गेलेल्या जागी वाकून तिनं गिलाव्याखालचा काळा थर चिमटीत घेतला. भिजलेली साल. आणि सालीला चिकटलेले, बारीक, आखूड केस.

"हे खजुराचं नाहीये, नीरव."

"मग?"

"इथे कातडी कमावत होते."

प्रयोगशाळेनं तेच सांगितलं. बाभळीची साल, चुना, बकरीचे केस. फहद उलट्या बादलीवर बसून कितीतरी वेळ नुसता मान हलवत होता. एवढे तज्ज्ञ येऊन गेले, कुणालाच संशय आला नव्हता. "यल्ला, चला," शेवटी तो उठला, "नवा बोर्ड करू. लोकांनाही बोलावू."

त्या संध्याकाळी नीरव तिला दुबईत अल मनखूलला घरी सोडायला निघाला. वाटेत चहाला गाडी थांबवून त्यानं विचारलं, "नुसत्या पाण्यावरून कसं ओळखलंस गं?"

हा प्रश्न येणार, हे तिला माहीत होतं. दुबईत कुणी विचारलं की आई सांगायची, आजोबांचा लेदरचा बिझनेस होता. अस्मीही तेच सांगत आली होती. पण नीरवला तसं सांगावंसं वाटेना.

"करमाळ्याला आजोबांच्या घरामागे असंच कुंड होतं," ती म्हणाली. "पाणी याच रंगाचं. ते कातडी कमवायचे. त्यांचे वडीलही. आमच्या जातीचा तोच धंदा."

नीरवचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "म्हणजे... ते स्वतः?"

"स्वतः. हातानं."

त्यानं कप डॅशबोर्डवर ठेवला. मग तो अगदी हळू, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मला काही नाही गं. पण लोकांना जागा दाखवायच्या दिवशी आई-बाबा येणार आहेत, तुला भेटायला. तेव्हा हे... नको बोलूस. योग्य वेळ बघून मी सांगेन."

अस्मीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच तसं म्हणाला होता, इतक्या प्रेमानं. त्या प्रेमळ आवाजाचाच तिला जास्त धक्का बसला.

घरी पोचल्यावर त्याचे फोन आले, ते तिनं घेतले नाहीत.

लोकांना जागा दाखवायच्या दिवशी बरीच मराठी कुटुंबं आली. "हबीबती, यांना तुझ्या भाषेत सांग," फहद म्हणाला आणि तिला पुढे करून गेला. दोरीपलीकडच्या गर्दीत नीरव होता. शेजारी त्याचे वडील अरुण, गॉगल लावलेले. आणि आई वीणा, फिक्या निळ्या साडीत. नीरवनं नजरेनंच विनवलं.

अस्मी सांगू लागली. आधी कातडी चुन्यात घालायची, केस खरवडायचे, मग सालीच्या पाण्यात मुरवायची. लोक माना डोलवत होते.

"पण हे ओळखलं कसं, आधी पाक समजत होते ना?" एका बाईनं विचारलं.

खोटं बोलणं किती सोपं होतं. 'लेदर बिझनेस' हे शब्द अगदी ओठावर आले होते.

"मी लहानपणी पाहिलंय," ती म्हणाली. "माझे आजोबा हेच काम करायचे. आम्ही कातडी कमावणारी माणसं."

कुणीतरी खोकलं. अरुणनी गॉगल काढला, तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. नीरवचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा मागे सरकेल, असं अस्मीला वाटलं.

तो दोरीखालून वाकून आत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"आई... बाबा... हीच अस्मी. तिनं हे मला आधीच सांगितलं होतं. आणि मी तिला म्हणालो, तुमच्यासमोर गप्प बस." तो वडिलांकडे वळला. "लाज मला वाटायला हवी, तिला नाही."

अस्मी थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. हे त्यानं एकट्यात म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. तीही तिनं सोडली होती.

अरुण वळले आणि पार्किंगकडे चालू लागले. वीणा जागच्या हलल्या नाहीत. पदर सावरून त्या दोरीजवळ आल्या. चेहऱ्यावरचा धक्का लपत नव्हता, पण त्यांनी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"पुढचं सांग," त्या अस्मीला म्हणाल्या. "सालीच्या पाण्यातून काढल्यावर काय करायचे?"

अस्मीनं सांगितलं. अगदी शेवटपर्यंत.

लोक पांगल्यावर नीरव म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे त्या दिवशी चहा पितानाच बोलायला हवं होतं. मी भलतंच बोललो."

"हो. भलतंच बोललास."

"रागावलीयस?"

"खूप." तिनं डोळे पुसले. हाताची माती गालाला लागली. "म्हणून काय प्रेम नाही, असं थोडंच आहे... पण आधी बाबांकडे जा. ते गाडीत एकटेच बसलेत. मी इथेच आहे."

तो गेला. गाडीच्या बंद काचेपाशी उभा राहून, वाकून, तो काहीतरी सांगत होता. मध्येच हातवारे करत होता, मध्येच गप्प होत होता. वीणा आणि अस्मी खड्ड्याच्या काठावर शेजारी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

बऱ्याच वेळानं काच खाली आली. आणखी थोड्या वेळानं दार उघडलं.

"उतरतील," वीणा म्हणाल्या. "त्यांना वेळ लागतो." आणि त्यांनी अस्मीचा मातीनं भरलेला हात हातात घेतला.