घोणसीच्या तीन ओळी

"हा साप राहतो कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

शिडीवरची पाटीवाली वळलीसुद्धा नाही. "भिंतीवर."

एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारी ती. दवाखान्याच्या भिंतीवर विषारी साप काढायचं काम तिला आत्यामुळे मिळालेलं. आत्या तिथेच खिडकीत बसून केसपेपर काढायची. आपल्या भागातले साप लोकांना ओळखता यावेत, म्हणून डॉक्टरीणबाईंचा हा खटाटोप. आणि विचारणारा होता सर्पमित्र. दंश झालेल्या कुणाला तरी घेऊन आला होता, पेशंट आत सोपवला आणि स्वतः भिंतीपाशी खिळला.

मण्यारीला तिने मानेपासून ठळक पट्टे काढले होते. तसे पट्टे बिचाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचे, तो म्हणाला. मण्यारीचे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. तिला असा राग आला! एक तर माणूस बरोबर बोलत होता, वर हसला की गालाला खळी पडत होती. तिने मुकाट्याने पट्टे खोडले.

मग तो रोजच येऊ लागला. कधी नागाचा फणा बघायला, कधी फुरशाच्या डोक्यावरची बाणासारखी खूण तपासायला. घोणसीच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी, अगदी साखळीसारख्या, हेही त्यानेच शिकवलं. आणि हो, शिडी धरायचा.

"बाबा रे, शिडी नाही हलत," आत्या खिडकीतून म्हणाली, "तू हलतोयस."

शेवटी भिंत पुरी झाली. तो आला, हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिला. तिला वाटलं, आता हा "छान" म्हणणार आणि जाणार. मग कशाला येतोय इकडे?

"घोणस चुकलीय," तो म्हणाला. "ओळी दोनच हव्यात. सगळी पुन्हा काढावी लागेल."

साप ओळखण्यात या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या शब्दावर डॉक्टरीणबाई इलाज ठरवायच्या. आणि तोच धडधडीत खोटं बोलत होता. कान लालबुंद झालेले.

"बरं," ती म्हणाली. ब्रश रंगात बुडवला, शिडीची एक पायरी चढली आणि मधल्या ओळीवर टेकवणार — तोच त्याने तिचं मनगट धरलं.

"नको. तीनच असतात."

"मग दोन का म्हणालात?"

"भिंत संपली ना..." त्याचा आवाज पार खाली गेला. "उद्यापासून कुठल्या तोंडाने येऊ? सापाबद्दल आजवर कधी खोटं बोललो नाही. तुम्ही आवडता मला. फार आवडता."

मनगट अजून त्याच्याच हातात होतं आणि सोडवून घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती.

"पुढचा पेशंट," आत्याने हाक दिली आणि चष्म्यावरून या दोघांकडे पाहिलं. "अरे, रडवेला का झालायस? मागची भिंत आहे की, बिनविषारी सापांची. आठवडा झाला ठरून. हिने सांगितलं नाही?"

तो तिच्याकडे बघू लागला. आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

"सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी बोलताय का, तेवढं बघत होते."