बन्सीधरांचं क्लॅरोनेट

परभणीत भुजंगचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. जुनं वाद्य विकायचं असलं की आसपासच्या गावांतले लोक आधी त्याला दाखवत. त्याचा शब्द खोटा निघत नसे. म्हणून बोरीच्या नर्मदाबाईंनी फोन केला, तेव्हा तो दुपारच्या एसटीनं निघाला. बाईंचे मालक बन्सीधर बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

बाईंनी क्लॅरोनेटची पेटी पुढ्यात ठेवली. भुजंगनं पाचही भाग सुटे केले. नळी अंगठ्यानं घासून हुंगली. रबराचा वास नाही, म्हणजे अस्सल काळं लाकूड. पण मधल्या दोन नळ्यांवरचे नंबर वेगळे. दोन वाद्यांचं मिळून एक केलेलं. वरच्या नळीला बोटभर चीर, चाव्यांखालच्या गाद्या कसरीनं खाल्लेल्या. जोडून फुंक मारली, तर नुसती हवा सुसू करत निघून गेली.

"मावशी, ह्याचे काही पैसे येणार न्हाईत," तो हळूच म्हणाला. "सूरच निघत न्हाई ह्यातून."

बाई पदर सावरून बसल्या. मग सांगू लागल्या. किमतीचं काही नव्हतंच. रोज दिवेलागणीला ह्या बंद पेटीतून क्लॅरोनेट वाजतं, असं शेजारीपाजारी सांगत. वाटेनं जाणारे थबकत. एकट्या बाईंना मात्र सहा वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"कान चांगले हायत माझे. अंगणात चिमणी उतरली तरी कळतंय. समद्या गावाला ऐकू येतंय, अन् मलाच न्हाई... मग घरात ठेवून करू काय?"

भुजंगला वाटलं, गावानं म्हातारीची थट्टा मांडलीय. त्यानं वाद्य पुसून पेटीत ठेवलं, कड्या लावल्या. परतीच्या एसटीला वेळ होता. ऊन उतरलं. बाईंनी देवापुढे दिवा लावला, आणि पेटीतून सूर आला.

आधी खालचा, घोगरा. पेटीवर टेकलेला भुजंगचा तळहात झिणझिणला. उठून पळावंसं वाटलं, पण बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वाजायलंय का...?"

त्यानं मान हलवली.

"काय वाजवायलेत?"

भुजंग ती चाल गुणगुणू लागला. पेटीतलं वाद्य एक ओळ वाजवून थांबे, त्याची ओळ पुरी होऊ देई, मग पुढची धरी. दोन जागी वाद्य अडखळलं, तसा तोही अडखळला. बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, डोळे मात्र भरलेले. बन्सीधर त्यांना बघायला आले होते तेव्हा त्यांच्या अंगणात हीच चाल वाजवली होती, आणि घाबरून दोनदा चुकले होते.

विकायचं राहिलं. भुजंगनं वाद्य फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं आणि पेटी सोबत नेली.

चौथ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी, दुकानात फोन आला.

"भाऊ, आज मला ऐकू यायलंय," नर्मदाबाई कुजबुजल्या. "तुमी बी ऐका..."

फोनमधून तीच चाल येऊ लागली. भुजंगच्या समोर, टेबलावर, क्लॅरोनेटचे पाचही तुकडे चाव्या काढून सुटे पडले होते. त्यानं बाईंना ते सांगितलं नाही. चाल संपेपर्यंत फोन कानाला धरून तो तसाच बसून राहिला.

शेवटी पलीकडे कुणीतरी लांब दम सोडला. मग नर्मदाबाई फोनपासून तोंड वळवून हळूच म्हणाल्या,

"बसा... च्या ठेवते."