अप्पांचे बाराशे चौदा फोटो

श्रीकंठचा फायदा आधी सांगतो. वर्षाला साडेसहा हजार रुपये.

एवढं भाडं तो इंटरनेटवर फोटो ठेवायला भरत होता. घरीच सर्व्हर बांधला तर ते वाचणार होतं. जुना कॉम्प्युटर फुकटात होता. दोन वापरलेल्या हार्डडिस्का अडतीसशेला. एका वर्षात खर्च वसूल, पुढे सगळा नफा.

हिशेब चोख होता. म्हणूनच ही गोष्ट मी खोटी म्हणू शकत नाही.

म्हैसूरला कुवेंपुनगरात श्रीकंठच्या शेजारी मी बावीस वर्षं राहतोय. जे झालं ते गेल्या फेब्रुवारीत. आणि रात्री नाही… भर दुपारी. तीन वाजून दहा मिनिटांनी.

श्रीकंठ वीज मंडळात मीटर तपासतो. कुठलाही आकडा दिसला की वहीत टिपतो. तांदळाच्या पिंपाचंही रीडिंग घेईल, असं त्याची बायको वारिजा म्हणते.

"अहो, माझ्या साड्यांना कपाट नाही, आणि फोटोंना घर बांधताय?"

"साड्या हरवल्या तर परत मिळतात. अप्पांचे फोटो मिळतील का?"

त्याचे वडील, नंजुंडय्या, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला अकरा दिवस होते. हार घालायला अप्पांचा मोठा फोटो हवा, एवढं एकच मागणं त्याच्या आईने, अम्मांनी, केलं होतं.

जुने अल्बम वाळवीने खाल्लेले. त्याने ते स्कॅन करून रद्दीत दिले होते. म्हणजे अप्पा आता होते ते फक्त कॉम्प्युटरमध्ये.

डिस्का त्याने बंगळूरला एस. पी. रोडवर घेतल्या, कुबेरप्पाच्या दुकानातून.

"नव्यासारख्या आहेत, सार! नुसत्या बसून होत्या."

घरी लावल्यावर कळलं… एकेक डिस्क एकतीस हजार तास चालली होती.

आधीचं पूर्ण पुसायला एकोणीस तास लागणार होते. वरवर पुसायला चार मिनिटं. श्रीकंठने चार मिनिटंवाला मार्ग घेतला.

दोन्ही डिस्का त्याने जोडीने बांधल्या. एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तर दुसरी आहेच, या भरवशावर त्याने सगळे फोटो भरले. भाड्याचं नूतनीकरण एक तारखेला होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी तिकडचं सगळं पुसून खातं बंद केलं. फोनही रिकामे केले.

एकीवरचं बिघडलं तर दुसरीवरचंही त्याच क्षणी बिघडतं, एवढी अर्धी गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही.

सर्व्हर चेहरे ओळखायचा. कोणाचे किती फोटो, आकड्यासकट. वारिजा, अम्मा, मुलगी प्रणती…

अप्पा : १२१४.

त्याने वहीत टिपलं.

शनिवारी दुपारी घर शांत होतं. वापर नसला की डिस्का झोपतात. झोपल्याच होत्या. तीन दहाला…

टक.

टक… टक… घर्रर्र.

कोणी काही उघडलं नव्हतं.

श्रीकंठने पाहिलं. यादीत एक नवा चेहरा होता. नाव नाही. फोटो सहा.

अप्पा : १२०८.

त्याने एक फोटो उघडला. गृहप्रवेशाचा. सगळे जागच्या जागी होते. अप्पांच्या जागी खुर्ची होती. प्लॅस्टिकची, पांढरी.

खुर्चीत एक म्हातारा बसला होता. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते.

तो फाटकाकडे.

"वारिजा, हे कोण?"

ती कणकेच्या हातांनीच आली, वाकून बघितलं. "अहो, काय विचारताय? अप्पा की!"

"नीट बघ."

"नीटच बघितलं. चष्म्याचा नंबर काढून घ्या तुम्ही."

श्रीकंठला वाटलं, चेष्टा करतेय.

रविवारी, तीन दहा. टक… टक…

बिननावाचा : १३१. अप्पा : १०८३.

सोमवारी ७०२ आणि ५१२.

त्याने बेरीज केली. दर वेळी बाराशे चौदाच. एकही फोटो हरवत नव्हता. फक्त माणूस बदलत होता.

एक डिस्क उपटून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तिच्यातही तोच. फाटकाकडे बघत.

त्याने कुबेरप्पाला फोन लावला.

"या डिस्का कुठल्या?"

"घाबरू नका सार, चोरीच्या नाहीत. वृद्धाश्रमाच्या कॅमेऱ्यातल्या. आश्रम बंद पडला. साडेतीन वर्षं एकच व्हरांडा, एकच खुर्ची. बिचाऱ्या डिस्कांना कामच काय होतं?"

"खुर्चीत… कोणी होतं?"

"मी कशाला बघतोय? आश्रमाचा माणूस सांगत होता, तीनला भेटायची वेळ. एक म्हातारा रोज तयार होऊन बसायचा. कोणी आलं नाही. का हो? डिस्क बिघडली का?"

बुधवारी श्रीकंठने रजा काढली. मंगळवारच्या तीन दहानंतर काय उरलं, ते सकाळीच पाहिलं.

अप्पा : १.

नंजनगूडच्या देवळासमोरचा. कपाळावर विभूती, डोळे उन्हाने बारीक. खरे अप्पा. त्याने तो पेनड्राइव्हवर घेतला आणि सर्व्हरची वायर भिंतीतून उपटली.

स्टुडिओतून फोटो घेऊन तो घरी आला, तेव्हा तीन वाजून गेले होते. कागद न सोडता त्याने तो अम्मांच्या मांडीवर ठेवला. अम्मांनी हातातली कॉफी खाली ठेवली. दोरी सोडायला त्यांना वेळच लागला.

बंद सर्व्हरमधून…

टक.

अम्मांनी कागद बाजूला केला. बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरून आले.

"किती छान आलाय रे. हेच… असेच बसायचे. फाटकाकडे बघत. तू कधी येशील म्हणून."

श्रीकंठने खाली बघितलं. पांढरी खुर्ची.

या वेळी म्हातारा फाटकाकडे बघत नव्हता.

समोर बघत होता. आणि हसत होता.

श्राद्धाला चाळीस माणसं जेवली. प्रत्येकाने त्या फोटोला नमस्कार केला. कोणीही काही म्हटलं नाही. मीही केला. मला तेव्हा काही खटकलं नाही, हेच आता खटकतं.

गेल्या आठवड्यात श्रीकंठ कुंपणापाशी आला. वही हातात होती.

"तुम्ही अप्पांबरोबर वीस वर्षं कॉफी प्यायलात. त्यांचं नाक कसं होतं, सांगा. मी लिहून ठेवतो. मला आठवेनासं झालंय."

"हे काय विचारतोस? त्यांचं नाक…"

विभूती आठवली. कॉफी फुंकायची लकब आठवली. पण चेहरा म्हणून जो समोर आला…

तो पांढऱ्या खुर्चीत होता.

श्रीकंठने माझ्याकडे पाहिलं. वहीत एक आकडा खोडून दुसरा लिहिला, आणि पान माझ्याकडे वळवलं.

वाचलेलं भाडं : ६५००.

अप्पांना ओळखणारे : १. त्याच्याखाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.